मधल्या घराचा एक जोड हात

"पांड्या, आज कंपनीत गेलास तं परत या उंबऱ्यात पाय ठेवू नको!"

हिरूमावशीचा हा आवाज नागोठण्यापर्यंत पोचला आणि आंबा नदी दचकून क्षणभर उलटी वाहिली, असं मी पुण्यात शपथेवर सांगतो. मी तेव्हा तिच्या ओट्यावर तांदळाच्या भाकरीबरोबर निवटी (खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा) खात होतो. तोंडातल्या निवटीनंही एक उडी मारली.

"आये, सेकंड शिफ्ट हाय! खाडा झाला तं मुकादम नाव कापील!" अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात सायकल, असा पांडू अंगणातून ओरडला.

"आन खांड कोन भरंल? तुजा मुकादम?"

दुपारच्या उधाणानं (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीनं) गावाच्या बांधाला खांड म्हणजे भगदाड पाडलं होतं. आता ओहोटी लागली होती. पुढच्या भरतीच्या आत ते बुजलं नाही, तर खारं पाणी भातात शिरणार आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं गवतही उगवणार नाही. अशा वेळी गावकीचा नियम एकच: प्रत्येक उंबऱ्यामागं एक जोड हात. जे घर हात देणार नाही, त्याच्या शेताचा बांध फुटला तर गाव ढुंकून बघणार नाही. मावशी विधवा, आणि तिचा उजवा हात मोडून गळ्यात बांधलेला. उरला पांडू.

मी तिथं कसा? आमच्या संस्थेनं मला एक कोडं देऊन पाठवलं होतं. पेण आणि रोहा तालुक्यांतली घरं श्रीमंतापासून गरिबापर्यंत रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न किती, आणि ते काळाबरोबर कुठं सरकलं? नव्वदच्या सुमारास मी आलो होतो तेव्हा हे मधलं घर हिरूमावशीचं निघालं होतं. थोडं भात, थोडी मिठागरावरची मजुरी. काही वर्षांनी मी पुन्हा तेच विचारत हिंडत होतो. रोह्यात एका गृहस्थानं मला बघताच टीव्हीवर गोधडी टाकली. "आजारी हाय," म्हणाला. हमरापूरच्या मूर्तिकाराला उत्पन्न विचारलं, तर तो सोंडेला रंग देत म्हणाला, "गणपती इकले की सांगतो. आता माती हाय, लिवा माती."

तर असा मी, सायकलीपाशी उभा राहून छाती काढून म्हणालो, "मावशी, तुझ्या घराचा हात आज मी!"

 मग पांडू सायकलवर टांग टाकून असा सुटला, की धूळ अजून तिथंच आहे.

बांधावर गावकीचे नाना उभे होते. त्यांनी माझ्या देहाकडं पाहिलं. "हिरूनं हात धाडायचा, तं हत्ती कशाला धाडला?"

मी समोर पाहिलं. मैलभर चकाकणारा चिखल, पलीकडं मागं सरकलेली खाडी, आणि मध्ये माणसांची रांग. चिखलाची ढेप या हातातून त्या हातात, खांडीत पेंढा, वर पुन्हा ढेप. मिठागरावरचा मजूर दुमजली घरवाल्याला ढेप देत होता, तो शिक्षकाला, शिक्षक वाडीवरच्या कातकऱ्याला. नखशिखांत सगळे एकाच रंगाचे! माझ्या कागदावरची रांग मी इथं शोधू लागलो. वरचा कोण, खालचा कोण, मधला कोण, काही केल्या कळेना. अंगावर काटा आला, आणि त्या काट्याच्या भरात मी घसरलो.

घसरलो तो थेट खांडीत बसलो. खांडीतून परतणारं उरलंसुरलं पाणी थांबलं.

"उठू नको, सायब!" नाना कडाडले. "ढेपा आना रं!"

माझ्याभोवती त्यांनी बांध घातला. मला बाहेर ओढलं तेव्हा दिवस मावळत होता आणि माझी एक चप्पल बांधात कायमची गुंतवणूक म्हणून राहिली. त्या रात्रीची भरती आली, बांधाला टेकली, वळून गेली.

सकाळी मावशी मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. आता तिच्या घरात पगार येतो, पत्र्याच्या जागी कौलं आलीत. माझ्या हिशोबात घर नक्की वर सरकलं होतं. पण ते उभं होतं भातावर, भात बांधावर, आणि बांध त्या हातांवर, ज्यांना आता कंपनीची पाळी लागली होती. लांबून पेणजवळच्या रामवाडीकडं जाणारी एसटी दिसली. 

"मावशी, काल मी होतो. पण समुद्र काही मुकादमाला विचारून येत नाही! पुढच्या उधाणाला काय करशील? पोराची नोकरी सांभाळशील की बांध?"

मावशीनं डाव्या हातानं एसटीला हात केला.

"तवा त्याची रातपाळी हाय. दिसा मोकळा हाय."