बॅगेवरची दुसरी पट्टी

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता म्हणू की नाही म्हणू, तेच आता कळेनासं झालंय... आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून देव, भूत, अंगारे-धुपारे सगळं उंबऱ्याबाहेर. कुणी भुताचा किस्सा सुरू केला की पप्पा त्याला अर्ध्यात थांबवायचे, "तू स्वतः बघितलंस? नाही ना? मग चहा पी." आज मी जे लिहितेय ते त्यांनी वाचलं असतं तर माझीच हजेरी घेतली असती. पण हे मी स्वतः बघितलंय.

घाटकोपर पूर्वेला चौथ्या मजल्यावर आमचं वन बीएचके. आई दहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मी आणि पप्पा दोघंच. पप्पा साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर टर्नर होते. रिटायर झाल्यावरही हात स्वस्थ नसायचे. त्यांच्याकडे धातूवर अक्षरं आणि आकडे ठोकायच्या पंचांचा एक डबा होता. घरातल्या प्रत्येक डब्यावर, कुलपावर, अगदी कुकरवरसुद्धा आमचं नाव! त्यातल्या चारच्या पंचाचा पाय तुटका होता, त्यामुळे त्यांचा प्रत्येक चार लंगडा यायचा. मी चिडवायचे, "नवीन घ्या ना पप्पा." ते म्हणायचे, "चालतंय की. आपला चार लांबून ओळखू येतो."

माझा नवरा अमोल न्यू जर्सीत नोकरीला आहे. लग्नानंतर बऱ्याच कागदपत्रांनी माझा स्पाउस व्हिसा आला. हा कायमचं राहायला जायचा व्हिसा. त्यात गोम अशी, की मुदतीच्या आत एकदा तिथे उतरून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर सगळी मेहनत वाया. इकडे पप्पांची बायपास नुकतीच झालेली. मग मी ठरवलं – आठ दिवस जायचं, व्हिसा ॲक्टिव्हेट करायचा, परत यायचं. कायमचं कधी जायचं ते नंतर बघू. पप्पांना मात्र सांगितलं, "फिरायला चाललेय." 'कायमचं' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची माझी हिंमतच झाली नाही.

"जा की," ते एवढंच म्हणाले. "अमोलला जयभीम सांग."

दुसऱ्या दिवशी माझ्या केबिन बॅगेच्या हँडलला तारेने बांधलेली एक पितळेची पट्टी. माझं नाव, घाटकोपरचा पत्ता आणि खाली इंग्रजीत ओळ – हरवल्यास इथे परत पाठवा. मी म्हटलं, "अहो पप्पा, आता कागदाचे टॅग लावतात."

"कागद फाटतो गं."

तिकडच्या एअरपोर्टवर मला एका वेगळ्या खोलीत दोन तास बसवून ठेवलं. तेवढा वेळ मी नुसती ती पट्टी उलटसुलट करत होते, म्हणून छातीठोक सांगते – पट्टी एकच होती. शेवटी ऑफिसरने शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "वेलकम होम." माझ्या हातात घाटकोपरचा पत्ता होता. इतकं अपराधी मला कधीच वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी शेजारच्या मंदाकाकूंचा फोन आला. "सुजाता, लवकर ये गं... पप्पा सकाळी उठलेच नाहीत."

मी पोचेपर्यंत त्यांना ठेवलं होतं. त्रिशरण म्हणताना डोक्यात एकच – मी त्यांच्याशी खोटं बोलून गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, मी बॅग माळ्यावर टाकली आणि अमोलला सांगितलं की मी येणार नाही. चार महिने तो बिचारा रोज समजावत होता. माझं ग्रीन कार्ड त्याच्या पत्त्यावर येऊन पडलं होतं. फार दिवस बाहेर राहिलं तर ते हातचं जाऊ शकतं. मी म्हटलं, जाऊ दे.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मंदाकाकूंनी बॅग मागितली, त्यांना लेकीकडे नाशिकला जायचं होतं. म्हटलं कायमचीच घ्या. माळ्यावरून काढली, पुसायला घेतली, तर पट्टी हाताला जाड लागली. त्याच तारेत एकाखाली एक – दोन पट्ट्या.

दुसरीवर माझं नाव आणि न्यू जर्सीचा एक पत्ता. मी आयुष्यात न ऐकलेला. अपार्टमेंट ४१४... दोन्ही चार लंगडे.

फोटो अमोलला पाठवला. लगेच त्याचा फोन. "हा पत्ता तुला कुणी दिला?"

"कुणाचा आहे?"

"अगं, मी शेअरिंगची रूम सोडून फ्लॅट घेतलाय. इथे अजून शनिवारची रात्र आहे, आज दुपारीच सही केली. ४१४ नंबर मलाच आज कळला. कुणालाच बोललो नाही यार... तुलाही नाही."

मी पप्पांच्या पलंगाखालून पंचांचा डबा ओढला. पावसाळाभर बंद होता. सगळे पंच गंजून एकमेकांना चिकटलेले, चारचा तर पक्कडीने ओढून काढावा लागला. पप्पांनी पट्टी आधीच ठोकली म्हणावं, तर तेव्हा अमोलने घर शोधायलाही सुरुवात केली नव्हती. पप्पांनी विचारले असते ते सगळे प्रश्न मी स्वतःला विचारून झाले. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

काकू दारात उभ्या होत्या. पट्टी बघून म्हणाल्या, "त्यांना सगळं माहीत होतं गं. तू गेलीस त्या दिवशीच मला म्हणाले, पोरगी खोटं बोलून गेली, पण तिला जमत नाही."

मी तिथेच फरशीवर बसून रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

तिकीट काढलंय. काकूंना दुसरी बॅग दिली, ही माझ्याबरोबर येतेय. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा दिसली. पहिल्या पट्टीवर खाली परत पाठवायची ओळ आहे. दुसरीवर ती नाही. तेवढी जागा कोरी सोडलीय.