एकानंतर दहा

त्यांना सगळे डिंकराव म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण उन्हानं त्यातली निम्मी अक्षरं उडाली होती आणि उरलेल्यांवर कोणाचा विश्वास नव्हता. तीस वर्षं पुस्तकबांधणी केलेला माणूस. बोटांत डिंक इतका मुरलेला की हात मिळवला तर सोडवून घ्यायला वेळ लागे, असं लोक म्हणत. जिभेला मात्र डिंक कधी लागला नाही, दुखणं तेच होतं.

कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गठ्ठा टेबलावर उभा आपटायचा, अंगठ्याखालून कडा फरफर सोडायची आणि विचारायचं, "सत्तेचाळीस कुठे गेलं?" सत्तेचाळीस खरंच गेलेलं असे. पण पानं लावता लावता ते वाचतही. पोस्टमननं बदलीच्या अर्जाचे कागद लावायला दिले, तर डिंकरावांनी दुसऱ्याच दिवशी त्याला भर रस्त्यात, आईच्या देखत विचारलं, "मग, तिकडे खोली मिळाली का?" म्हातारीला अजून काहीच माहीत नव्हतं. ती दोन दिवस पोराशी बोलली नाही.

गेल्या वर्षी समोरच्या बाजूला साडूनं दुकान टाकलं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एका घरचे दोन जावई म्हणजे तराजूची दोन पारडी. धाकटा जावई किती शांत, असं सासूबाई म्हणत आणि म्हणताना थोरल्याकडे बघत.

साडूकडे एक संगणक, एक स्कॅनर, एक खुर्ची. गिऱ्हाइकाला तो खुर्चीत बसवी, ब्राउझरमध्ये एक पान उघडून देई आणि मग इंटरनेटची वायर उपटून हातात घेई.

"आता तुमचे कागद या डब्याबाहेर जायचे नाहीत. सगळ्या पीडीएफ या चौकटीत ओढा, 'जोडा' दाबा, एक फाइल होईल. ती पेनड्राइव्हवर घ्या, इथली पुसून टाका. झालं की हाक मारा."

एवढं सांगून तो वायरीसकट पायरीवर येऊन उभा राही, दुकानाकडे पाठ करून.

लोक तिकडे लोटले. घटस्फोटवाले, आजारवाले, नोकरी बदलणारे, सगळे. पोस्टमन तर डिंकरावांच्या पायरीवर पत्र टाके आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडे.

"वायर धरून असा उभा राहतो, जसा काही नागच पकडलाय," डिंकराव घरी म्हणाले.

"पकडलाय खरा," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "निदान कोणाला डसत तरी नाही."

हे वाक्य डिंकरावांना डसलं. दुकानात त्यांचाही एक संगणक होता. दुपारी दार ओढून त्यांनी साडूचं ते पान उघडलं, वायर उपटली, चौकटीत एक ते बारा अशी आकड्यांची नावं दिलेल्या फाइली ओढल्या आणि जोडून पाहिल्या. काम चोख झालं. जळफळाट आणखी वाढला. पण सवयीनं त्यांची नजर कडेवरून फिरली आणि ते खुर्चीतच उडाले. एक, मग दहा, अकरा, बारा आणि त्यानंतर दोन! यंत्र आकडा आकडा म्हणून वाचतच नव्हतं, शब्दासारखं वाचत होतं. नावात एकाच्या आधी शून्य दिलं, शून्य एक, शून्य दोन, की सगळं जागेवर येत होतं.

साडूला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. तो बघतच नाही ना! रस्ता ओलांडून एक वाक्य सांगितलं असतं तर काम भागलं असतं. डिंकरावांनी ते वाक्य गिळलं. येऊ दे कोणाची तरी फाइल परत. मग कळेल शांतपणा म्हणजे काय ते. आठवडाभर त्यांना गाढ झोप लागली.

आणि एका सकाळी साडू पायरीवर उभा असताना डिंकरावांना आतल्या खुर्चीतली पाठ दिसली. ती पाठ ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. तेवीस वर्षांचा संसार होता.

बायको गेल्यावर ते तडक समोर गेले.

"ती आली होती."

"आल्या होत्या."

"काय जोडत होती?"

"मला काय माहीत, दादा? मी पायरीवर होतो."

"अरे, एखादं अक्षर तरी दिसलं असेल! छापील होतं की हातचं?"

"तुम्हाला सांगू नये म्हणूनच लोक माझ्याकडे येतात," साडू अगदी नम्रपणे म्हणाला. त्या नम्रपणाचा गळा धरावासा वाटत होता.

दवाखान्याचे कागद? माहेरच्या घराचे? की वकिलाचे? रात्रीच्या जेवणात डिंकरावांना मीठ लागेना. त्यानं बघितलं नसेल, पण निदान त्याच्या दारात तरी ती गेली. मी काय मेलो होतो? विचारायला जावं तर ती म्हणे, "वेळ आली की सांगेन."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. चेहरा उतरलेला, हातात पेनड्राइव्ह.

"अहो, माझी फाइल परत आली. कागद क्रमानं नाहीत म्हणे. आज पाचपर्यंत नाही पाठवली तर विषय संपला."

"एकानंतर दहा आलं असेल," डिंकराव बोलून गेले.

ती बघतच राहिली. "तुम्हाला कसं कळलं?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच डिंकरावांची जीभ चिकटली. मग त्यांनी खरं ते सांगितलं, कारण खोटं सुचायला वेळ नव्हता. "मला माहीत होतं. त्याची फजिती व्हावी म्हणून बोललो नाही."

"आणि झाली कोणाची?"

डिंकरावांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

"समोर जायचं तर जा," ते खाली बघत म्हणाले. "नावापुढे शून्य लावायचं, एवढंच."

"तिकडेच जायचं असतं तर इकडे कशाला आले असते? पानं लावावीत ती तुम्हीच. फक्त वाचायचं नाही."

डिंकरावांनी पान उघडून दिलं, वायर उपटली आणि पायरीवर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. मान मागे वळायला इतकी आतुर झाली होती की त्यांनी एका हातानं खांबच धरला.

"शून्य एक केलंस?"

"केलं."

"नऊपर्यंत तसंच. दहाला शून्य नको. आता एकदम ओढ."

आतून बराच वेळ नुसती टकटक. मग ती म्हणाली, "अकरा झाले. बारावा कागद मी लावलाच नव्हता. तोही मागितलाय."

"कसला?"

"अनुभवाचा दाखला. मोठ्या वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची जागा निघालीय. काम ज्याच्याकडे शिकलात त्याच्या सहीचा हवा."

डिंकराव खांबाला धरूनच होते. वीस वर्षं घरी बसून तिनं शिवलेली पुस्तकं त्यांनी आपली म्हणून दिली होती. "मग मला आधी का नाही..."

"सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत दूधवाल्यानं अभिनंदन केलं असतं. आणि जागा मिळाली नसती तर?"

ते आत आले, पडद्याकडे न बघता कोरा कागद घेतला आणि लिहिलं: शिलाईचं काम हिचा हात माझ्यापेक्षा साफ करतो. लिहिताना पोटात जरा दुखलं, पण खरं होतं. सही केली, तिनं मोबाइलवर त्याची पीडीएफ केली आणि ते पुन्हा पायरीवर गेले.

समोरच्या पायरीवर साडूही उभा होता, हातात वायर. दोन साडू, दोन वायरी, मधे रस्ता. त्याला वाटणार, मी त्याची नक्कल करतोय! डिंकरावांचे कान तापले. तरी ते ओरडले, "अरे, गिऱ्हाइकांना नावापुढे शून्य लावायला सांगत जा! नाहीतर एकानंतर दहा येतं!"

"हो का? बरं झालं सांगितलंत, दादा!"

किती शांत, मेला.

"अहो, वायर द्या आता," आतून हाक आली. "पाठवायचीय."

ते वळले. पण वळण्याआधी त्यांनी रस्त्यापलीकडे पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. साडूची वायर त्यांच्या वायरीपेक्षा हातभर लांब होती.