विहिरीत शिकलेली मान

पन्नाशीला टेकल्यावर मी फ्रीस्टाइल सुधारायला गेलो, हे म्हणणं खरं नाही. मी गेलो होतो मला पोहता येतं हे दाखवायला. आळंदजवळच्या आमच्या गावी विहिरीत पोहायला शिकलो, हे बायकोला आणि मुलीला इतक्यांदा ऐकवलं होतं, की शेवटी मुलीनं कलबुर्गीच्या तरणतलावात माझं नाव घातलं. ती तिथंच शिकली होती.

तलाव पंचवीस मीटरचा. नियम साधा : मध्ये दोरी न धरता एक लांबी पार केली तर मोठ्यांच्या बाजूला, नाहीतर लहान मुलांच्या उथळ भागात. महिनाअखेरच्या रविवारी परीक्षा, आणि बायको बाकावर बसून बघणार. एवढ्या वर्षांच्या बढाया पणाला लागल्या होत्या.

पहिल्या दिवशी अर्ध्यातच दम संपला. छाती वर, पाय खाली. म्हैस तळं ओलांडते तसा मी चाललो होतो. फक्त म्हैस पोचते.

"काका, मुंडी नीचे डालो," कोच ओरडला. "उप्पर क्या देखते?"

घरी हिशेब केला. डोकं पाच किलोचं धरलं, ते पाण्याबाहेर उचललं, तर दुसऱ्या टोकाला पाय बुडणारच. हिशेब बरोबर होता. पुढच्या रविवारी मान तरीही वरच.

"अप्पा, दर दोन हाताला वर कामून बघायलाव?" मुलीनं काठावरून विचारलं.

"बघायलो न्हाई. श्वास घ्यायलो."

"श्वास बाजूला घेतेत. तुमी काठाकडं बघायलाव."

तेव्हा उलगडा झाला. आमच्या विहिरीला कठडा नव्हता. पोरं गुडघे पोटाशी घेऊन वरून मुटका मारायची. आधी ओरडून सांगणं भित्रेपणाचं. खालच्यानं आपलं आपण वाचायचं, अशी रीत. म्हणून आम्ही सगळे मान वर काढून, एक डोळा काठावर ठेवून पोहायचो. विहीर जेमतेम नऊ मीटर रुंद. दम लागायच्या आत भिंत हाताला यायची, त्यामुळे आपलं काही चुकतंय हे कुणाला कळलंच नाही.

"इथं कोण उडी मारायलंय तुमच्यावर?" हे सांगितल्यावर मुलगी हसून म्हणाली.

कारण सापडलं की चूक जाते, असा माझा समज. मी रोज गादीवर पालथा पडून सराव केला : नजर खाली, श्वासाला फक्त हनुवटी खांद्याकडं.

"गादीवर लई छान पोहायलाव," बायको म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी खरंच डोकं खाली राहिलं. तळाची निळी रेघ दिसत होती, पाय आपोआप वर आले, हात लांब जायला लागला. अर्ध्याच्या पुढं गेलो. तेवढ्यात पलीकडच्या रांगेत एका जाडजूड गृहस्थांनी काठावरून उडी टाकली. धप्प! माझी मान वर, पाय खाली, नाकात पाणी आणि हातात दोरी.

"ते लई लांब होते की हो," बायकोनं बाकावरून सांगितलं.

मी उथळ भागात गेलो. पाणी कमरेएवढं.

"काका, तुमी नापास झालाव?" एका चिमुरडीनं विचारलं.

"व्हय."

"मी पण."

तिथं उडी मारायला सक्त मनाई आहे. कुणी नुसतं वाकलं तरी कोच शिट्टी फुंकतो. आठवड्याभरात माझी मान सैल पडली. आता मी त्या भागाची आडवी रुंदी जाऊन-येऊन करतो, दम न लागता.

परवा कोच म्हणाला, "काका, अब बड़ों में चलो."

मी पलीकडं पाहिलं. ते गृहस्थ काठावर चढत होते.

"अजून एक महिना राहू द्या," मी म्हणालो.