नाना आणि बादशा

दिवाळी सरली की उंटवाले नाना रोज सकाळी आपल्या उंटाची मान हुंगायचे. शिरूर कासारच्या आसपास मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांची बिऱ्हाडं घोड्यांवर असत. नानांचं तेवढं उंटांवर. बादशा नावाचा एक नर आणि एक सांडणी. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. बादशाच्या मानेमागून काळं, उग्र वासाचं पाणी झिरपताना पाहिलं आणि मी औषध काढलं. नाना हसले. "बीमारी न्हाई ती, डॉक्टर. मौसम आलाय त्याचा."

"थंडीत बादशा, उन्हाळ्यात फकीर," असं ते म्हणायचे. थंडीत त्याची वृषणं फुगायची, तोंडातून टाळूचा लाल फुगा लोंबायचा, फेस गळायचा. चारा सुटून बरगड्या दिसायच्या. चैत्र लागला की सगळं आटायचं; मग सांडणी शेजारी असली तरी तो ढुंकून बघायचा नाही. पिल्लाची आशा काय ती हिवाळ्यातच. सांडणीचं वय होत आलेलं, आणि तीन हिवाळे कोरडे गेलेले.

चौथ्या हिवाळ्यात दोघं जुळली. पण पौषात मस्तीतल्या बादशानं नानांचं कोपर चावून फोडलं. बीडला नेऊन हात काढावा लागला. नाना परतले तेव्हा त्यांच्या मुलांनी मला बादशाच्या खच्चीकरणासाठी बोलावलं होतं. लोंबती बाही घेऊन नाना आडवे आले. "त्याचा काय कसूर? थंडीचा कसूर हाय. ती गाभण हाय का न्हाई कळू द्या, मग काय करायचं ते करा."

फाल्गुनात बादशा जवळ येताच सांडणीनं शेपूट वर उचललं. सांडणी गाभण असल्याची ती खूण. नानांनी शब्द पाळला. चैत्रात, एका हातानं दोरी धरून, त्यांनीच बादशाला माझ्यापुढं बसवलं.

पुढच्या दिवाळीनंतर सांडणीनं मेलेलं पिल्लू टाकलं.

नाना दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, बादशाचं काढलेलं परत जोडता येत न्हाई का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तुमी शिकलेले हाव, म्हून इचारलं."

दुसऱ्याच दिवशी ते सांडणी घेऊन पायीच गुजरातच्या वाटेला लागले. थंडी संपायच्या आत तिकडं दुसरा नर गाठायचा होता. मुलांनी दोरी धरली. "सोडा बे," नाना ओरडले, "दोन-तीनच महिने हायेत!"

होळी झाली, उन्हं तापली. थोरला मुलगा गावोगाव विचारत पार नंदुरबारपर्यंत जाऊन आला. एका हाताचा म्हातारा सगळ्यांनी पाहिला होता. "पुढं गेला," एवढंच जो तो सांगत होता.