जबल अल-लौझचा हिमसुरक्षा अधिकारी

इसहाक परकार, मुक्काम हर्णै, सध्या तबूक, सौदी अरेबिया. वय बेचाळीस. पद : हिमसुरक्षा अधिकारी, तात्पुरते. कार्यक्षेत्र : जबल अल-लौझ डोंगराचा उत्तर उतार. अर्हता : मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात सहा वर्षे लाद्या फोडणे.

ही नेमणूक एक्क्याण्णवच्या जानेवारीत गिरीश चांदोरकरांनी केली. रियाधवर क्षेपणास्त्रे पडू लागताच या मॅनेजरसाहेबांना तबूकच्या बांधकाम-छावणीची प्रत्यक्ष पाहणी निकडीची वाटली होती, आणि ती पाहणी काही संपत नव्हती. त्यातच डोंगरावर बर्फ पडला. कंपनीच्या स्विस इंजिनिअरला स्की बांधून चढायची हुक्की आली. युद्धामुळे छावणीबाहेर जायला, जागा सुरक्षित असल्याचा जाणकाराचा दाखला लागे. साहेबांनी फायली चाळल्या, जाणकार निघाला.

इसहाक वेगळ्याच कागदासाठी खोळंबला होता. फेब्रुवारीत मुलीचा, तस्नीमचा, निकाह होता आणि एक्झिटवर, म्हणजे देश सोडायच्या परवान्यावर, साहेबांची सही होत नव्हती.

"तू दाखल्यावर कर, मी एक्झिटवर करतो. खलास!" साहेब म्हणाले.

असले दाखले टेबलावरच तयार होतात हे इसहाकला कुणी सांगितले नसावे. तो सळई घेऊन खरोखरच डोंगर चढला. एका घळीत वाऱ्याने कंबरभर बर्फ आणून भरला होता. लादी आतून धरली की नाही, हे हर्णैला सळईने ठोकून बघतात. त्याने इथेही ठोकले, मग खणले. वर कडक थर, खाली साखरेसारखे सुटे दाणे.

"साहेब, पोकळ वाजतंय. वरच्याला खाली आधार नाय. माणूस चढला की सगळं सरकंल."

"अरे मासळीवाल्या, तू आल्प्स बघितलास कधी?"

"नाय साहेब. तुम्ही?"

त्याने दाखल्यावर 'धोका' लिहिले. स्विस इंजिनिअरने ते वाचले, घळीच्या कडेच्या खडकावर उभे राहून एक धोंडा आत लोटला. अख्खा थर आडवा तडकला आणि गडगडत खाली गेला. त्याने त्याच दिवशी मुख्य कार्यालयाला कृतज्ञतेचे पत्र धाडले : असा तज्ज्ञ हातचा जाऊ देऊ नये.

चांदोरकरांनी पत्राखाली स्वतःच्या दूरदृष्टीविषयी दोन ओळी जोडल्या आणि इसहाकची नोंद 'अत्यावश्यक कर्मचारी' अशी केली. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना एक्झिट नव्हते.

तस्नीमच्या निकाहात बापाच्या जागी वली म्हणून तिचा चुलता बसला. त्या हिवाळ्यात जबल अल-लौझवर पुन्हा बर्फ पडला नाही.