अनसाबाईंचा बोर्ड आणि आम्ही सत्तावीस

कासुर्डीच्या अनसाबाईंच्या हातची बाजरीची भाकरी एकदा खाल्लेला माणूस दुसरीकडं जेवताना कुरकुरतो, हे मी शपथेवर सांगेन. त्यांचे सासरे मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. नवऱ्यानं रानात विहीर पाडली आणि घर एका जागी बसलं. नवरा गेल्यावर बाईंनी हायवेच्या कडेला, स्वतःच्याच रानात, पत्र्याची शेड ठोकून खानावळ काढली. अडचण एकच होती. सोलापूरकडं पळणाऱ्या गाड्यांना ती शेड दिसतच नव्हती.

मुलगा हृतिक रांजणगावच्या कंपनीत. त्याचं म्हणणं, आईनं आता त्याच्या खोलीवर येऊन राहावं. बाईंना दिवसभर चार भिंतींकडं बघत बसायचं नव्हतं. शेवटी मायलेकांत ठरलं की दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाहीतर शेडला कुलूप आणि आई रांजणगावला. दसऱ्याला दोन महिने उरले होते.

मी त्यांचा शेजारी. बोर्ड करून आणायचं काम मी अंगावर घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण अशा कामात मी सांगायची वाट बघत नाही. मी फोटो मागितला तर बाई म्हणाल्या, "भाऊजी, माझा फोटू कशाला? मी काय निवडणुकीला उभी हाय का?" मी ऐकलं नाही. फोटो काढून घ्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून हृतिककडून त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स मिळवली.

यवतला म्हाळूचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी तिथं पोचायच्या आत गावात बातमी पोचली होती. आमच्याकडं फ्लेक्सवर फोटो नसणं म्हणजे भावकीच्या लग्नपत्रिकेत नाव नसणं. सरपंचांचा फोटो घेतला म्हणून माजी सरपंचांचा घ्यावा लागला, दूध डेअरीच्या चेअरमनचा घेतला म्हणून सगळ्या संचालकांचा. असे सत्तावीस शुभेच्छुक झाले. तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरा, गॉगलवाला, तो मी.

म्हाळूनं मधोमध झेरॉक्समधल्या काळ्यापांढऱ्या अनसाबाई बसवल्या. भोवती झेंडूची चौकट घातली, कारण ती त्याच्याकडं तयार होती. चुलीवरचं जेवण म्हणून खाली जाळ दाखवला, तो लांबून समईसारखा दिसत होता. खानावळीचं नाव उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत कोंबलं. आम्हा सत्तावीस जणांच्या तोंडावर पासपोर्टच्या फोटोत असतो तो गंभीर भाव होता. मला बोर्ड फार आवडला. म्हणजे, माझा फोटो चांगला आला होता.

बोर्ड लागला आणि गाड्या खरंच हळू व्हायला लागल्या. ड्रायव्हर बोर्डाकडं बघायचे, एक हात छातीला लावायचे आणि पुढं जायचे. सुतकातल्या घरी कोण जेवायला उतरणार? आधी दिवसाला चारपाच माणसं तरी यायची, तीही थांबली. काय घोळ झालाय हे मला तिसऱ्या दिवशी कळलं आणि मी त्या रस्त्यानं जायचं बंद केलं.

पाचव्या दिवशी सकाळी दौंडहून बाईंचा थोरला भाऊ पोपटराव आला. हृतिकच्या लग्नात मामाला आहेर द्यायचा राहिला होता, तेव्हापासून चार वर्षं अबोला होता. कुणीतरी बसमधून बोर्ड पाहिला आणि त्याला जाऊन सांगितलं. फोन करून खात्री करावी तर अबोला आडवा आला. निघाला तो दहाबारा माणसं आणि दोन जीप घेऊनच. पुरुषांनी डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, बायकांनी शेडपाशी उतरताच गळा काढला.

बाई भाकरी थापत होत्या. पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

पोपटरावानं ते पिठाचे हात धरून बघितले. मग लहान पोरासारखा रडला. रडणं ऐकून मीही धावत गेलो होतो. माझेही डोळे भरून आले, लाजही वाटली. बाईंनी त्याच्या पाठीवर पिठाचा पंजा उमटवला आणि म्हणाल्या, "आलाच हायेस तर जेवून जा."

पंगत बसली. बाहेर जीपा उभ्या, माणसं ओरपतायत, हे बघून दोन ट्रक थांबले, मग एक कंपनीची बस. दुपारपर्यंत पातेलं खरवडून झालं. पोपटराव तिसरी भाकरी मोडताना म्हणाला, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हंत्यात. तुझं लई वाढलं, अनसे."

बोर्ड उतरवून टाकू, असं मी हळूच सुचवलं. बाई नको म्हणाल्या. पोपटरावाची सगळी नोकरी दौंडच्या रेल्वे यार्डात डब्यांवर नंबर रंगवण्यात गेली होती. चालत्या गाडीवरूनही वाचता आलं पाहिजे, असं त्याचं अक्षर. बहिणीनं त्याला काय लिहायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन शिडीवर चढला आणि आम्हा सत्तावीस जणांच्या तोंडावरून वीतभर जाडीची अक्षरं ओढली:

मी जिवंत हाय. जेवाय या.

गाव आठ दिवस रुसलं. सरपंच मधेच कापले गेले, डेअरीचे चेअरमन पार गायब झाले, माझा फक्त अर्धा गॉगल उरला. पण हायवेवरचे ड्रायव्हर बोर्ड वाचून हसायचे, आणि हसलेला माणूस थांबतो. कोणी कोणी बाईंसोबत फोटोही काढायला लागले. फोटोला नाही म्हणणाऱ्या बाई आता पदर नीट करून उभ्या राहतात.

दसऱ्याला सकाळी हृतिक ठरल्याप्रमाणं सामान न्यायला टेम्पो घेऊन आला. शेडसमोर टेम्पो लावायला जागा नव्हती. लांब बांधावर लावून तो चालत आत आला. बाईंनी तव्यावरची नजर न काढता त्याला पाण्याचा जग दिला.

"आधी त्या चौघांना पाणी वाढ," त्या म्हणाल्या, "मग बोलू."

टेम्पो संध्याकाळी रिकामाच परत गेला.