बोल्टाला मारलेला रंग

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी फार शहाण्यासारखा बोलणार आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नवीन पनवेलला आम्ही पहिली गाडी घेतली, सेकंडहँड. माझे सासरे, नाना, जवळच्याच आपटा गावचे. उभा जन्म बस चालवून रिटायर झालेले. माझ्या कुठल्याच गोष्टीला त्यांनी कधी 'वा' म्हटलं नव्हतं. त्या दसऱ्याला ते आमच्याकडे होते आणि जेवण झाल्यावर मी त्यांना गाडीने घरी सोडणार होतो. म्हटलं, आज 'वा' घेतल्याशिवाय सोडायचं नाही!

आदल्या दिवशी गाडी घासूनपुसून लख्ख केली. बॉनेट उघडलं, तर बॅटरीची काळी वायर पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे हा एवढा गंज! वायर सोडली. पत्रा, बोल्ट, वायरीचं टोक, सगळ्याला ऑइलपेंटचे दोन-दोन हात मारले आणि वाळल्यावर परत घट्ट आवळलं. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू.

दसऱ्याला गाडीला हार घातला, नारळ फोडला. माझे पाने-पक्कड देवापुढे पूजेला मांडलेले होतेच. नाना ऐटीत पुढे बसले. मी चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. हॉर्न दाबला, तर तो नुसता कण्हला.

बॅटरी गेली, असं मी जाहीर केलं. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून पाहिली. टक्. मग सणाचे नवे कपडे घातलेल्या अख्ख्या सोसायटीकडून धक्का मारून घेतला, तरी गाडी ढिम्म. नाना खाली उतरून शांतपणे म्हणाले, "जावईबापू, ती काळी वायर बगा की."

आता घरातलं सगळं वायरिंग मी स्वतः केलेलं. मला शिकवतात?

"नाना, ती नुसती अर्थिंगची," मी म्हटलं. "शॉक लागू नये म्हणून. घरात नाही का हिरवी वायर असते? ती काढली तरी पंखा फिरतोच."

यावर मी चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. शेजारी माना डोलावत होते. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाना मागितला. बायको आडवी आली. पूजेतली हत्यारं आज हलवायची नाहीत, म्हणाली. नानांनी देवापुढे हात जोडले.

"देवा, आज येवडं माफ कर. जावयापायी उचलतोय."

बोल्ट सोडून ते कानशीने घासायला बसले. घासता घासता म्हणाले, "घरात करंट परत जायला येगळी वायर असते. गाडीत अख्खा पत्राच परतीची वायर हाय. तुमी वाटंतच रंग मारलात, तर तो जाणार कुठून?"

बोल्ट आवळला. पहिल्या चावीला गाडी सुरू झाली. शेजारी दयेपोटी भराभरा घरात गेले.

नानांना घेऊन आपट्याला निघालो. दारात गाडी थांबली, नाना उतरले, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "वा!"

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली.

"रंग मातर फस्क्लास मारलाय," नाना म्हणाले. "अर्धा तास घासला, तरी सुटत नव्हता."